दोन हजारांचा यूएसबी कॅसेट कन्व्हर्टर: शोधायला चांगला, जपायला नाही

वॉकमनएवढा प्लास्टिकचा डबा, आत दोन पेन्सिल सेल, सोबत यूएसबीची वायर आणि खोक्यावर 'कॅसेटचं एमपीथ्री करा' असं ठळक अक्षरात. ऑनलाइन दोन हजारांच्या आसपास मिळणारे हे कन्व्हर्टर वेगवेगळ्या नावांनी येतात, पण उघडून पाहिले तर बहुतेकांची यंत्रणा सख्ख्या भावांसारखी निघते. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या जातीच्या यंत्राचं आहे. तेही एकाच कामाच्या हिशेबाने: निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात घरोघरी ट्रंकेत पडलेल्या, रेडिओवरून भरून घेतलेल्या लोकगीतांच्या कॅसेटसाठी.

निकाल आधीच सांगतो. कुणाच्या घरी जाऊन 'या चाळीस कॅसेटांत काय आहे' हे बघायचं असेल तर यंत्र घ्या. त्यातून निघालेली फाईल कायमची म्हणून ठेवणार असाल तर पैसे वाचवा.

या कॅसेटांचं मोल कशात आहे तेही पाहू. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० मध्ये सुरू झालं आणि सांगली केंद्र १९६३ मध्ये. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर. सीमाभागातल्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रावर, काटा थोडा इकडेतिकडे केला की दोन्ही लागायची, खानापूरच्या जंगलपट्ट्यात १२८७ वरचं पणजीही. त्यामुळे इथली एकच कॅसेट एका बाजूला भारूड आणि धनगरी ओवी, तर दुसऱ्या बाजूला सौंदत्तीच्या यल्लम्माची कानडी चौडकी पदं (चौडकं या तारेच्या वाद्यावर गायलेली) अशी भरलेली सापडते. मधे कुणीतरी घाईघाईने बटण दाबल्याचा 'खट्ट' आवाज. रेडिओच्या जगात स्पूल, म्हणजे ध्वनिफितीची मोठी रिळं, पुसून पुन्हा वापरायची रीत जुनी आहे, म्हणून केंद्रावर जे उरलं नसेल ते घरच्या कॅसेटवर असण्याची शक्यता खरी आहे. बाजारात विकत मिळणाऱ्या कॅसेटच्या प्रती आणखी शंभर ठिकाणी असतात. हाताने भरलेल्या सी-६० ची, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची, प्रत बहुधा एकच.

या शोधाच्या कामात कन्व्हर्टर खरोखर कामी येतो. सेलवर चालतो, खिशात मावतो, हेडफोनवर ऐकता येतं आणि समोरच्याला त्याची कॅसेट घराबाहेर द्यावी लागत नाही. मात्र कॅसेट सरळ आत ढकलू नका. आधी उजेडात धरून खिडकीतून रीळ बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट कुठल्याच यंत्रात घालायची नाही, नाहीतर ती बुरशी हेड (रिळावरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी रोलरमार्फत पुढच्या सगळ्या कॅसेटांना लागते. मग तोंडाशी असलेली फेल्टची बारीक गादी बघा. ती पितळी पट्टीवर चिकटवलेली असते आणि कधीकधी जुना गोंद सुटून हरवलेली असते. गादी नसेल तर रीळ हेडवर नीट टेकत नाही, आवाज घोगरा आणि कमीजास्त येतो आणि दोष उगाच रेकॉर्डिंगला जातो. तिसरं, वरच्या कडेचे दोन्ही चौकोनी कान मोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर काही भरलं जाणार नाही. घरमालकाला विचारून मोडा. त्या कॅसेटवर अजून नातवाचा आवाज भरायचा बेत असतो कधीकधी.

वर्षानुवर्षं न हललेलं रीळ थरांना चिकटून बसतं. षट्कोनी पेन्सिल घालून हाताने पाच-दहा वेढे पुढे-मागे सोडवा. हाताला अडल्यासारखं लागलं तर थांबा. सी-६० चं रीळ साधारण १८ मायक्रॉन जाड असतं, सी-९० चं १२ आणि सी-१२० चं ९ च्या आसपास. हे कन्व्हर्टर बहुधा ऑटो-रिव्हर्सचे, म्हणजे बाजू आपोआप उलटणारे, असतात आणि त्यांची ओढ दोन्हीकडे एकसारखी नसते, त्यामुळे पातळ रीळ रोलरभोवती गुंडाळून खायची त्यांना सवय आहे. सी-६० बिनधास्त, सी-९० डोळ्यांत तेल घालून, सी-१२० अजिबात नाही. यंत्र नवं असेल तर पहिली कॅसेट टाकाऊ घ्या.

प्रत्येक बाजूला सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणं दोन-दोन मिनिटं ऐकली की पुरतं. रेडिओवरून भरलेली कॅसेट ओळखू येते ती गाण्यावरून कमी आणि गाण्याच्या कडांवरून जास्त. पहिल्या ओळीचा तुकडा गेलेला असतो, कारण निवेदन संपल्यावर बटण दाबलं जायचं. शेवटी निवेदकाचं अर्धं वाक्य सापडतं. रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू बुडतो आणि वर येतो, मागे दुसरं केंद्र कुजबुजतं. हे अर्धं वाक्य म्हणजे सोनं: केंद्राचं नाव, कलाकाराचं नाव, गावाचं नाव त्यातच असतं. घरी जाऊन 'साफ' करताना लोक नेमकं तेच कापून टाकतात.

शोध संपला की कन्व्हर्टर बाजूला ठेवायचा, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण वेग. कॅसेटचं रीळ सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवं. हलकं प्लास्टिकचं फ्लायव्हील (वेग एकसारखा ठेवणारी चकती) आणि स्वस्त मोटर यांना ते जमत नाही. तीन टक्के फरक म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्मा. सहा टक्के झाला की पेटीच्या काळी चारमध्ये गाणारा शाहीर पांढरी सहामध्ये जातो. वेगाचे हेलकावे त्याहून वाईट. हलगीच्या ठेक्यात ते खपून जातात, पण तुणतुण्याच्या सलग सुरात आणि चौडक्याच्या तारेच्या खेचीत लगेच कळतात. चौडक्याचा स्वर मुळातच ताण देऊन वरखाली होतो. यंत्राने त्यात स्वतःची थरथर मिसळली की कलाकाराची कुठली आणि मोटरची कुठली हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

वेग तपासायला टेस्ट टेप नसेल तर रेडिओच मदत करतो. १९७८ च्या अखेरीपासून आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. शेजारचं केंद्र मधे घुसलं की ९ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी तयार होते. रात्रीच्या काही रेकॉर्डिंगमध्ये ती रिळावर उतरलेली असते. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे आवाजातल्या फ्रीक्वेन्सींचा आलेख, उघडा. ९ च्या जवळ बारीक आडवी रेघ दिसली तर तीच तुमची मोजपट्टी. ९.२७ वर असेल तर आवाज तीन टक्के जलद आहे. रेघ सापासारखी वळवळत असेल तर हेलकावे किती हेही डोळ्यांनी दिसतं. हा आकडा मूळ टू-इन-वन आणि आताचं यंत्र या दोघांची मिळून चूक दाखवतो, आणि दुरुस्त करायची असते तीही मिळूनच. घरच्या विजेच्या गुणगुणीवर मात्र भरवसा ठेवू नका. ती म्हणायला ५० हर्ट्झ, पण त्या काळी ग्रिडची फ्रीक्वेन्सी सर्रास खाली उतरायची.

दुसरं कारण आवाजाचा मार्ग. या जातीच्या काही यंत्रांत संगणकाला जाणारा सिग्नल फक्त मोनो असतो, आणि हेडफोनच्या आवाजाची चक्री फिरवली की रेकॉर्डिंगची पातळीही हलते. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग चालू असताना चक्री फिरवून बघा, आलेख लहानमोठा झाला तर समजा. खोक्यातलं सॉफ्टवेअर थेट एमपीथ्री बनवतं. एमपीथ्रीत आवाजाचा काही भाग कायमचा जातो, म्हणून ते वापरूच नका.

त्याऐवजी काय? चालू स्थितीतलं जुनं टेप-डेक आणि एक साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज संगणकात नेणारा डबा. बेहरिंगरचा यूसीए२२२ हा छोटा लाल डबा या कामाला पुरतो: डेकच्या लाइन-आउटच्या दोन आरसीए वायरी त्यात, यूएसबी लॅपटॉपला, वेगळी वीज लागत नाही. त्याची मर्यादा म्हणजे १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि आत येणाऱ्या आवाजाला वेगळी चक्री नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयएएसएचा दंडक किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा आहे, ९६ असेल तर उत्तम. मीडियम वेव्हवर ५ किलोहर्ट्झच्या वर गाण्याचं फारसं काही उरतच नाही, त्यामुळे ९६ साठी जीव टाकू नका. २४ बिट मात्र परवडत असेल तर घ्या, कारण मग पातळी सावधपणे खाली ठेवता येते. सर्वांत मोठा ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहू द्या. संबळ आणि हलगी अचानक उसळतात.

डेक घेताना बेल्ट ताणलेला नाही ना आणि रबरी रोलर चकचकीत, टणक झालेला नाही ना हे बघा. हेड आणि कॅपस्टनची (रीळ ओढणारी) दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कानाच्या काडीने, दर दोन-तीन कॅसेटांनंतर पुसा. डेकवरचं डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करणारी सोय, बंद ठेवा. टू-इन-वनमध्ये डॉल्बी नसायचं आणि चालू केलं तर उरलासुरला वरचा आवाजही दबतो.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो अ‍ॅझिमथने, म्हणजे हेडच्या तिरकेपणाने. ५ किलोहर्ट्झची एक लहर रिळावर जेमतेम साडेनऊ मायक्रॉन जागा घेते. हेड केसभर तिरकं असलं तरी ती पुसट होते. ज्या टू-इन-वनवर भरलं त्याचं हेड त्याच्या पद्धतीने तिरकं होतं, म्हणून डेकचं हेड त्या कॅसेटप्रमाणे लावायचं असतं, आणि ए व बी बाजूला वेगवेगळं. डेकवर आवाज मोनो करून ऐका, हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी हलका फिरवा, निवेदकाचे 'स' आणि 'श' जिथे सर्वांत स्वच्छ येतील तिथे थांबा. पाव फेऱ्याच्या वर जायची वेळ सहसा येत नाही. मूळ जागेची खूण आधीच करून ठेवा. कन्व्हर्टरमध्ये हा स्क्रू कधी सापडतो, कधी सापडत नाही, आणि सापडला तरी रीळच वरखाली डोलत असल्याने लावलेलं टिकत नाही.

मूळ रेकॉर्डिंग मोनो असलं तरी फाईल स्टिरिओच ठेवा. दोन्ही चॅनेल एकत्र केले आणि हेड जरा तिरकं असलं तर वरचे स्वर एकमेकांना खातात. वेगळे ठेवले तर नंतर चांगला चॅनेल निवडता येतो. ४८/२४ स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतो, फ्लॅक या प्रकारात दाबून ठेवल्यावर बहुधा त्याहून बराच कमी, आणि त्यात आवाजाचं काहीही हरवत नाही. खरखर काढणारं फिल्टर मूळ फाईलवर कधीही चालवू नका. झांज आणि तुणतुण्याची खण त्या यंत्राला खरखरच वाटते. उरतो तो पाण्याखालचा आवाज. ऐकवायला वेगळी प्रत करा, तिथे हवं ते करा.

नोंद लिहिताना बाजू, मिनिट-सेकंद, पहिली ओळ कानाला आली तशी, निवेदनाचे शब्द जसेच्या तसे, कॅसेटची कंपनी आणि कुठल्या गावी कुणी भरली एवढं हवंच. पदात मराठी-कानडी मिसळलेली असेल तर तशीच ठेवा, 'शुद्ध' करू नका. जात्यावरच्या ओव्यांचं एक लाखाहून मोठं भांडार हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या प्रकल्पातून उभं राहिलं, ते अशाच ओळीओळीच्या नोंदींमुळे आज शोधता येतं.

हक्काची बाजू थोडक्यात. कॉपीराइट कायद्यात प्रसारकाचा हक्क प्रसारणाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून २५ वर्षं, कलाकाराचा ५० वर्षं. म्हणजे १९८५ ला भरलेल्या पदावर आकाशवाणीचा तो हक्क संपलेला असू शकतो, गायिकेचा मात्र अजून चालू असू शकतो. जपून ठेवणं वेगळं, यूट्यूबवर टाकणं वेगळं.

इतकं होऊनही कन्व्हर्टर घ्यायचाच असेल, आणि शोधासाठी तो घ्यावाच, तर परत करण्याची मुदत असलेल्या विक्रेत्याकडून घ्या. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी तपासा: दोन्ही बाजू आपोआप उलटताना रीळ सैल पडतं का, दोन्ही कानांत आवाज येतो का, आणि घड्याळ लावून सी-६० ची एक बाजू किती वेळात संपते. त्याच कॅसेटची वेळ ओळखीच्या चांगल्या डेकवरही मोजा आणि मगच ताडा, कारण सी-६० मध्ये रीळच कधी मिनिट-दोन मिनिटं जास्त भरलेलं असतं. काम झालं की सेल काढून ठेवा. आत पडून राहिले तर ते पाझरू शकतात.