गावाकडचं रेशन कार्ड पुण्यात: आठ महिन्यांचा अनुभव आणि एका पावतीचं भांडण

परवाच्या शनिवारी पुन्हा तेच झालं. आईचा अंगठा लागला, गहू दोन किलो आणि तांदूळ तीन किलो मोजून झाले, मी हात पुढे केला. "पावती?"

"रोल संपलाय ताई."

आठ महिन्यांत सहाव्यांदा रोल संपलाय. घरी येऊन पिशवी ठेवली आणि राग शिळा व्हायच्या आत लिहायला बसले.

आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे माणशी महिन्याला पाच किलो सरकारी धान्य मिळणाऱ्या घरांपैकी. आमचा प्रकार असा: आईचं कार्ड लातूर जिल्ह्यातल्या गावचं. त्यावर चार नावं, आई, दादा, वहिनी आणि पुतणी. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे पुण्याला आली आणि राहिली. माझं सासरचं कार्ड पांढरं, त्यावर धान्याचा दाणा मिळत नाही. दादा फोनवर म्हणाला, "आईचे पाच किलो तिकडंच उचल की, आता कुठंही मिळतंय." मला वाटलं थट्टा करतोय. कारण माझ्या डोक्यातलं रेशन म्हणजे लहानपणीचं: रॉकेलचा डबा, ठरलेलं एकच दुकान, आणि मालक जेवायला गेला की आपण उंबऱ्यावर.

पहिल्या दिवसाचं मात्र खरंच कौतुक करते. घराजवळच्या दुकानात मी गावच्या कार्डाचा बारा आकडी नंबर सांगितला, आणि अंगठा घेऊन धान्याची नोंद करणाऱ्या त्या ओंजळीएवढ्या ई-पॉस मशीनवर चौघांची नावं आली. सगळ्यात वर आई, कुटुंबप्रमुख. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली सगळ्यात मोठी बाईच कार्डाची प्रमुख असते, हे दादाला अजून फारसं रुचलेलं नाही, पण मशीनला दादाच्या रुचण्याशी काही देणंघेणं नाही. चौघांचे मिळून वीस किलो. त्यातले पाच मी इथे उचलायचे, राहिलेले पंधरा दादाने गावात. मला वाटलं होतं, इथे एकदा अंगठा दिला की गावचं बंद होईल. तसं काही झालं नाही. चार दिवसांनी दादाने गावात उरलेले पंधरा किलो उचलले, बिनबोभाट. ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामाला जाणाऱ्या घरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे ते लातूर-बीडकडच्या माणसाला सांगायला नको. पूर्वी सहा महिने बाहेर म्हणजे सहा महिन्यांचं रेशन बुडालं, आणि कागदावर ते कुणीतरी उचललेलं असायचं.

तर सोय पैकीच्या पैकी. आता पावती.

मी हार्डवेअरच्या दुकानात बिलिंगला बसते. दिवसभर पावत्याच फाडते. दहा रुपयांचे खिळे घेणाऱ्यालाही पावती देते, कारण आमचे शेठ म्हणतात, पावती नाही तर व्यवहार झालाच नाही. आणि इथे सरकारी धान्य, मशीनला छपाईची सोय, आणि कागद मात्र नाही. आई म्हणते, "काय करायचंय ते कागुद घेऊन? फुकट देतंय ना." बरोबर आहे, फुकटच आहे. तीन रुपये तांदूळ, दोन रुपये गहू हे दर 1 जानेवारी 2023 पासून गेले आणि 2024 च्या जानेवारीपासून आणखी पाच वर्षं मोफत ठरलंय. पण फुकट आहे म्हणूनच तर पावती हवी! पैसे देताना माणूस आपोआप हिशोब विचारतो. पैसे द्यायचे नसले की विचारायची लाज वाटते, आणि मग मापात किती आलं ते कोण बघणार?

मी बघितलं. तिसऱ्या महिन्यात पिशवी घरी न नेता आमच्या दुकानात नेली आणि खिळे मोजायच्या काट्यावर ठेवली. चार किलो सहाशे. पिशवीसकट. मग राज्याच्या ई-पॉसच्या वेबसाइटवर कार्डाचा नंबर टाकला. तिथे प्रत्येक व्यवहार तारखेसह दिसतो (ही साइट जरूर बघा, फारशी कुणाला माहीत नसते). तिथे गहू 2.000, तांदूळ 3.000. तीन दशांश स्थळांपर्यंत चोख. माझे चारशे ग्रॅम त्या दशांशचिन्हाच्या मागे कुठेतरी गेले.

दुसऱ्या दिवशी भांडायला गेले. दुकानदार म्हणाला, "पोत्यातच कमी येतं ताई, उंदीर खातात, सांडतं, मी कुठून भरून देऊ?" मी म्हटलं, उंदरांचाही अंगठा घ्या मग. रांगेतल्या बायका हसल्या, पण माझ्या बाजूने एकही बोलली नाही. त्यांना दर महिन्याला त्याच दुकानात यायचंय. मी 1967 या रेशनच्या हेल्पलाइनला तक्रार करीन म्हटल्यावर त्याने दोन मोठ्या ओंजळी तांदूळ पिशवीत टाकले. ते वजन मी केलं नाही. तेव्हापासून मात्र पाच किलो बरोबर येतात. पावती तरीही नाही.

अंगठ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच लिहितात. आईचे हात जन्मभर खुरप्याचे, उजवा अंगठा तर पाटीसारखा कोरा. पहिले दोन महिने पाच-सहा वेळा दाबून, ओढणीला पुसून, एकदा लिंबू चोळून काम झालं. लिंबाचा सल्ला रांगेतल्या एका काकांचा, आणि तो चालला, का ते विचारू नका. मग दुकानात डोळ्याने ओळख पटवायचं यंत्र आलं. ऑपरेशन झालेला डोळा त्याने घेतला नाही, दुसरा लगेच घेतला. आई खूश. "हा डोळा सरकारचा आणि तो माझा," म्हणाली.

खरी मजा ई-केवायसीची, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवायची. दादाचा फोन आला की आईचं नाव कटेल, लवकर कर. मुदत किती वेळा वाढली ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. "मेरा ई-केवायसी" नावाचं ॲप आहे, घरबसल्या चेहऱ्यावरून होतं. फोन माझ्या नवऱ्याच्या हातात, आई भिंतीला टेकून डोक्यावर पदर घेऊन बसलेली. ॲपला पापण्या मिटून उघडायला हव्या होत्या. मी म्हटलं, "आई, डोळे मिचकाव." आई ताठ बसून राहिली. पुन्हा म्हटलं. तर मलाच ओरडली, "ह्या वयात जावयापुढं डोळं मिचकावू व्हय?" शेवटी नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला आणि तो गॅलरीत गेला. तेव्हा कुठे झालं. हे ॲप कुणी बनवलं असेल त्याला माझी एकच विनंती: तिथे "पापणी मिटा" असं लिहा.

बाकी वस्तूबद्दल. गहू ठीक, थोडा निवडावा लागतो. तांदूळ जाड, रोजच्या भाताला आईला आवडत नाही, पण इडली-डोशाला झकास. मधे एक महिना गव्हाऐवजी ज्वारी आली आणि आईने ती जणू माहेरचा माणूस आल्यासारखी पिशवीतून काढली. तांदळातले पांढरट, जरा वेगळे दिसणारे दाणे ती ताटात पसरून एकेक वेचून फेकायची. "पलास्टिक हाय," म्हणायची, आणि आमच्या सोसायटीतल्या कामवाल्या मावशीही तेच म्हणतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून केलेले दाणे असतात, शंभर दाण्यांत साधारण एक या हिशोबाने मिसळलेले. म्हणजे ज्या आईला डॉक्टरने रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्यात, ती ताटातलं लोह वेचून केरात टाकत होती. हे एका पाटीवर लिहून दुकानात लावायला काय जातं? दुकानात पाटी आहे, पण त्यावर सणाच्या शुभेच्छा आहेत.

सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट मात्र पुण्यातली नाही, गावाकडची. दादाला दोन वर्षांपूर्वी मुलगा झाला. त्याचं नाव कार्डावर चढवायचा अर्ज तेव्हापासून आहे, आणि उत्तर एकच: इष्टांक शिल्लक नाही. हा शब्द रेशनच्या खेपा घालणाऱ्यालाच कळतो: किती माणसांना धान्य द्यायचं त्याचा ठरवून दिलेला आकडा. खेड्यात 75 टक्के आणि शहरात 50 टक्के लोकांपर्यंत असा कायद्याचा आवाका, पण माणसं मोजली 2011 च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेल्या लेकराने जागा रिकामी व्हायची वाट बघायची, म्हणजे गावातलं कुणीतरी म्हातारं जायची किंवा कुणाचं तरी नाव कटायची. आमच्या चुलत्यांचं तर वेगळंच. त्यांचं शेतकरी केशरी कार्ड, म्हणजे प्राधान्य कुटुंबात न बसणाऱ्या शेतकऱ्याचं, पण मराठवाडा म्हणून त्यांना दोन-तीन रुपयांनी धान्य मिळायचं, 2023 मध्ये ते बंद करून माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात द्यायचं ठरलं. काकू म्हणतात, पैसे आले की हे घेऊन जातात, गहू आला की तो माझ्या डब्यात जायचा. यावर मोठमोठे लोक वाद घालतात म्हणे. काकूंना कुणी विचारत नाही.

इथपर्यंत लिहून दोन दिवस तसंच ठेवलं होतं, आणि आता दुकानदाराबद्दल थोडं मागे घ्यावं लागतंय.

सोमवारी संध्याकाळी एकटीच गेले होते, तिथे गर्दी नव्हती. रोलचा विषय काढलाच. त्याने मशीन उलटं करून दाखवलं. रोल आमच्या बिलिंग मशीनचाच, तेवढ्याच रुंदीचा. म्हणाला, हा खिशातून आणावा लागतो. मग त्याचं कमिशन विचारलं. क्विंटलला 150 रुपये होतं, आता 170. मी बिलिंगवाली, तोंडी हिशोब करून टाकला: आईच्या पाच किलोचे त्याला साडेआठ रुपये. त्यात दुकानाचं भाडं, वीज, हमाली, आणि अंगठा लागेपर्यंतची दहा मिनिटं. शिवाय बाहेरगावच्या कार्डाला माल द्यायचा तो त्याच्याच साठ्यातून. महिन्याच्या शेवटी साठा संपला तर त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या त्यालाच. "तुमच्यासारखे चाळीसेक आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "बिहारचे, यवतमाळचे, तुमच्या लातूरचे. नाही म्हणता येत नाही, आणि मला म्हणायचंही नाही."

मी गप्प झाले. याचा अर्थ चारशे ग्रॅमचं मी विसरले असा नाही. साडेआठ रुपयांत परवडत नाही म्हणून माझ्या आईच्या पिशवीतून काढायचं, हे चालणार नाही. कमिशन कमी असेल तर त्याने मंत्रालयात भांडावं, तिथे रांगेत उभं राहायला मीही येईन. पण त्याच्या जागी मी असते तर प्रत्येक बाईला कागद फाडून दिला असता का, याचं उत्तर शेठच्या खिशातले रोल वापरणाऱ्या मला देता येत नाही.

मंगळवारी आमच्या दुकानातून एक रोल विकत घेतला. शेठने तो मला खरेदी भावात दिला आणि त्याचीही पावती फाडली. तो रेशनवाल्याला नेऊन दिला, म्हटलं, घाला आता. त्याने घातला, झाकण टिचकन बंद केलं, आणि माझ्यासमोर रांगेतल्या पहिल्या आजींना पावती निघाली. आजींनी ती डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, आणि मला विचारलं, "बाई, यात काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. नाव, तारीख, गहू, तांदूळ, किलो. आजी म्हणाल्या, "तीन माणसांचं मिळालं ना, मग इथं चार का?"

दुकानदार आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मशीनमध्ये चौथं नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि आजींना वाटत होतं की त्यांचं नाव तेव्हाच गेलं.

पुढच्या महिन्याला आईबरोबर मी जाईनच, तर दुकानदाराने आत्ताच सांगून ठेवलंय, "ताई, येताना रोल आणा."