एक्सएफसीई काही महिने वापरल्यावर: सगळं झकास, पण विंडोची कड पकडून दाखवा!

४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप बघून दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, यात आता पैसे घालू नका, नवीन घ्या." नवीन घ्यायची ऐपत असती तर त्याच्याकडे कशाला गेलो असतो? एक एसएसडी तेवढी बसवून घेतली आणि घरी येऊन डेबियन १२ (लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसकट.

इन्स्टॉलर डेस्कटॉपची (म्हणजे विंडो, मेनू वगैरे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी दाखवतो तेव्हा ग्नोम या दुसऱ्या, जड डेस्कटॉपवर आधीच खूण असते. घाईत एंटर दाबलं की ग्नोम गळ्यात पडतं. स्पेसने ती खूण काढा आणि एक्सएफसीईवर करा. एपीटीने (डेबियनमध्ये सॉफ्टवेअर टाकायची कमांड) एक्सएफसीई नंतरही टाकता येतं. मग लॉगिनच्या स्क्रीनसाठी ग्नोमचा जीडीएम ठेवू की लाइटडीएम, असंही विचारतं. पण मेनूत दोन टर्मिनल, दोन फाइल मॅनेजर अशी खिचडी होते. ती निस्तरत बसण्यापेक्षा आधीच निवडलेलं बरं.

वेगाबद्दल तक्रारीचा चकार शब्द काढणार नाही. लॉगिननंतर सातशे एमबीच्या आसपास रॅम जाते. फायरफॉक्समध्ये दहा टॅब उघडले की हे कौतुक संपतं, पण त्याला डेस्कटॉप तरी काय करणार?

आता मुद्द्याचं. विंडो लहानमोठी करायला तिची कड पकडावी लागते, आणि बऱ्याच थीममध्ये ती कड केसाएवढी. टचपॅडवर तर सुईत दोरा ओवल्यासारखं. नेम चुकला की मागच्या विंडोवर क्लिक, तीच पुढे येते, आणि आपण परत पहिल्यापासून. सेटिंगमध्ये जाडी वाढवायची सोय शोधली. नाही. कारण इथे कड म्हणजे थीमच्या फोल्डरमधलं एक चित्र. चित्र जेवढं रुंद, तेवढी कड. 'डिफॉल्ट-एक्सएचडीपीआय' थीम लावली तर कड मिळाली, पण वरची पट्टी एवढी जाड झाली की माझ्या १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर एक्सेलच्या दोन ओळी गेल्या. (लिब्रेऑफिसच आहे हो, सवयीने एक्सेल म्हणतो.) या एका गोष्टीपायी दोन तारे देणार होतो.

मग कळलं: ऑल्ट दाबून ठेवा आणि विंडोच्या आत कुठेही उजवं बटण दाबून ओढा. झालं! जवळचा कोपरा आपोआप हलतो. डाव्या बटणाने अख्खी विंडो सरकते. आता हे इतकं अंगवळणी पडलंय की ऑफिसातल्या विंडोजवरही ऑल्ट दाबून ओढत बसतो. पण एवढी सोन्यासारखी सोय आहे, तर पहिल्या लॉगिनला एक ओळ दाखवायला काय जात होतं? चार तारे. पाचवा मुद्दाम राखलाय.

डेबियन १३ मध्ये एक्सएफसीई ४.२० आलंय. त्यातलं वेलँडचं (स्क्रीनवर विंडो दाखवायची नवी पद्धत) काम अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, म्हणून मी हललो नाही. १२ ला जून २०२८ पर्यंत एलटीएस, म्हणजे लांबवलेले सुरक्षा अपडेट, आहे. तोवर बॅटरी सोडून कशावरही रुपया खर्चणार नाही.