अक्कलदाढेचं ऑपरेशन आणि नंतरचा आठवडा, कोथरूडच्या क्लिनिकचा अनुभव

खालची उजवी अक्कलदाढ आडवी होती माझी, वर यायचं सोडून शेजारच्या दाढेला ढुशी देत हाडात अडकलेली. दीड वर्ष सारखी हिरडी सुजायची, घराजवळचे डॉक्टर दरवेळी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून द्यायचे, सूज उतरली की विषय संपला. एक्सरे एकदाही काढला नाही, याचा राग मला अजून आहे.

इथे आधी ओपीजी काढायला लावला, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्सरे. मॅडम ओरल सर्जन आहेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी). दाढेची मुळं खालच्या नसेच्या किती जवळ आहेत ते स्क्रीनवर दाखवलं, नस दुखावली तर ओठ-हनुवटी बधीर राहू शकते, क्वचित होतं पण तुम्हाला माहीत हवं म्हणाल्या. असं सरळ सांगितल्यावर उलट धीरच आला.

ऑपरेशन 40 मिनिटांचं, भूल तेवढ्याच भागाला. दुखलं काहीच नाही, फक्त दाब जाणवतो आणि दाढ कापून तुकडे काढतात तेव्हा ड्रिलची घरघर कवटीत घुमते. तीन टाके.

घरी आल्यावर गॉज पाऊण तास घट्ट चावून धरला, बर्फाने शेकलं, थंड दूध आणि गार दहीभात. पहिल्या दिवशी वाटलं झालं की, पण सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, गाल टम्म आणि तोंड जेमतेम एक बोट उघडायचं, चमचा आडवा करून पेज आत ढकलत होते. इतपत चालतं, घाबरू नका.

तक्रार एकच पण मोठी आहे, सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत. माझी काळजी घेणारी आई, तिला तो वाचता येईना, मी गोळ्यांच्या गुंगीत. पहिल्याच संध्याकाळी तोंडात रक्ताची चव येते म्हणून तिने मायेने मीठपाणी आणून दिलं आणि मी खळखळून चूळ भरून थुंकले. पहिले 24 तास चूळ नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, कारण खळग्यात रक्ताची गुठळी धरते तीच हाडाचं झाकण असते. ती सुटली बहुतेक, कारण चौथ्या दिवशी पहाटे कानापर्यंत अशी कळ गेली की गोळीने हलेना, तोंडाला घाण वास. ड्राय सॉकेट, म्हणजे गुठळी जाऊन खळग्यातलं हाड उघडं पडणं.

त्या दिवशी रविवार. फोन केला तर मॅडमनी स्वतः उचलला आणि अकराला क्लिनिक उघडलं. खळगा सलाईनने धुतला, लवंगतेलाच्या औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवली, आणि लिफ्टमधून खाली येईपर्यंत कळ निम्म्याने कमी झाली होती, मला रडूच आलं. पट्टी दोनदा बदलली, वेगळे पैसे घेतले नाहीत. कागदाचं सांगितल्यावर मॅडमनी आईला शेजारी बसवून सगळं मराठीत लिहून दिलं, काकू हे फ्रिजवर लावा म्हणाल्या. छापील कागद मात्र मराठीत करायलाच हवा, पेशंटला सांभाळणारं माणूसच तो वाचणार असतं.

सातव्या दिवशी टाके काढले. एकूण 7,500 रुपये, ओपीजी वेगळा. डावी दाढ पण आडवीच आहे, ती दिवाळीनंतर इथेच काढणार, आईचा कागद फ्रिजवर आहेच अजून.