टेस्टोस्टेरॉन: जेल घ्यावं की इंजेक्शन?

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या कमतरतेवर डॉक्टर उपचार द्यायला तयार आहेत, पण जेल की इंजेक्शन यावर माझा एक मित्र आठवडाभर अडलाय. सकाळच्या दोन वेगवेगळ्या दिवशीच्या रक्ततपासणीत पातळी कमी आली आणि त्याला लक्षणंही आहेत, म्हणजे पाया पक्का आहे. तेवढं झालं नसेल तर आधी ते करून घ्या.

खर्चात बहुधा इंजेक्शन स्वस्त पडतं. कष्टातही: एनँथेट किंवा सिपिओनेट (टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं) आठवड्या-दोन आठवड्यांनी टोचायचं, जेल मात्र रोज.

स्थिरतेत जेल सरस. पातळी बरीचशी एकसारखी राहते. इंजेक्शननंतर ती उसळते, पुढच्या डोसाआधी घसरते. काहींना ते दिवस चिडचिडीचे जातात. रक्त घट्ट होण्याचा धोकाही इंजेक्शनात जास्त, म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, तपासत राहायचं. ५४ टक्क्यांवर गेलं तर उपचार थांबवावा लागतो.

जेलची खरी अडचण घरात आहे. खांद्याला लावलं, ते वाळायच्या आत लेकराला कडेवर घेतलं, की औषध त्याच्या अंगाला लागतं. हात साबणाने धुवा, शर्ट घाला, मगच उचला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मूल हवं असेल तर दोन्ही नकोत, शुक्राणू घटतात. डॉक्टरांना ते आधीच सांगा.

घरात तान्हं बाळ असेल किंवा रोजचं लावणं विसरत असाल तर इंजेक्शन. सुईची धास्ती असेल, चढउतार सोसत नसतील किंवा हिमॅटोक्रिट आधीच वरच्या बाजूला असेल तर जेल.