भिंतीत चढणाऱ्या ओलीवरचा उपचार: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घराच्या 9 इंची चिऱ्याच्या भिंतींना जमिनीपासून सुमारे 3 फुटांपर्यंत ओल चढत असे, कारण बांधताना जोत्यावर ओलरोधक थर घातलेलाच नव्हता आणि जांभा दगड पाणी सहज शोषून घेतो. दोन वर्षांपूर्वी एका स्थानिक कंत्राटदाराकडून आम्ही सिलेन-सिलोक्सेनयुक्त क्रीम भिंतीत भरून घेतले.

मूळ काम चोख झाले. जमिनीपासून अर्ध्या फुटावर, दगडांमधल्या दरजेतच, दर 12 सेंटीमीटरवर 12 मिलिमीटर व्यासाची भोके पाडून, धूळ नीट झटकून मगच कामगारांनी क्रीम भरले. हे क्रीम बारीक छिद्रांच्या आत पसरून त्यांना पाणी नकोसे करते, त्यामुळे पाणी वर चढत नाही. आधी चढलेले पाणी मात्र भिंतीतच राहते. महिन्याला साधारण 25 मिलिमीटर हा ठोकताळा धरला, तर आमची भिंत वाळायला 9 महिने हवे होते.

इथेच कंत्राटदाराची घाई नडली. माजघरात त्याने खारावलेला जुना गिलावा न काढता महिन्याभरात ऑइलपेंट मारला आणि दिवाळीपूर्वीच पोपडे सुटून नखाने खरवडताच पांढरी भुकटी हातावर येऊ लागली. तक्रारीनंतर त्याने फोन उचलणेच सोडले. पडवीत आम्ही स्वतः गिलावा मीटरभर उंचीपर्यंत खरवडून चुन्याचा करून घेतला, तो भाग आज कोरडा आहे.