पुळ्यांवर मलम कोणतं: बेन्झॉईल की अ‍ॅडापॅलिन?

फोंड्यात मे महिन्यात तोंड धुऊन पुसेपर्यंत चेहरा पुन्हा तेलकट. पण सगळं खापर बांगड्याच्या हुमणावर (माशाच्या कालवणावर) फोडू नका. मूळ दुखणं बुजलेल्या रंध्रांचं.

लाल, पू धरलेल्या पुळ्या असतील तर बेन्झॉईल पेरॉक्साईड. जंतू मारतं. २.५ टक्क्यांचं पुरतं. १० टक्क्यांच्या मलमानं कातडी जास्त सोलते, इतकंच. माझ्या निळ्या अभ्र्यावर त्याचे पांढरट डाग अजून आहेत.

काळ्या-पांढऱ्या बारीक पुटकुळ्यांना अ‍ॅडापॅलिन बरं, ०.१ टक्के. रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला. सुरुवातीला कातडी सुकते, पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात (इथेच बहुतेक जण सोडून देतात), फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. गरोदरपणात मात्र नको.

मला अ‍ॅडापॅलिनच मानवलं, अभ्रेही वाचले.