स्क्रीनवाल्यांनो, सेकंडहँड डिजिटल मशीन घेताय? आधी हे वाचा

दिले ४,४६,०००, बिल २,३६,००० चं. हा हिशेब हवालदाराला समजावताना माझी जी शोभा झाली ती तुमची होऊ नये, म्हणून लिहितोय.

आमचं वडिलांपासूनचं स्क्रीन प्रिंटिंग. फ्लेक्स आला, कापडी बॅनर गेले. पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या. व्हिनाइल (चिकटणारी प्लास्टिकची शीट), वन-वे व्हिजन (काचेवर लावायची बारीक भोकांची फिल्म) मागणारं गिऱ्हाईक किती दिवस दारातून परत पाठवायचं? म्हणून सहा फुटी इको-सॉल्व्हंट मशीन, म्हणजे सौम्य सॉल्व्हंटच्या शाईने व्हिनाइलवर छापणारा मोठा डिजिटल प्रिंटर. डीलर पुण्याचा, माल ‘रिकंडिशन’, पण ‘डीएक्स ५ हेड नवाकोरा’. हेड म्हणजे शाई फवारणारा भाग, डीएक्स ५ हे त्याचं मॉडेल. किंमत ४,१०,०००, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७३,८००. ‘दादा, दोन लाखांचं बिल करू, बाकीचे रोख द्या, ३७,८०० वाचतील.’ मी हो म्हटलं. नाकं मुरडू नका. मार्केटात कोण कसं बिल करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता डेमोचं ऐका, कारण सगळं तिथेच होतं. मशीनवर वाघाचा फोटो निघत होता, रंग असे की बघत राहावं. मी नोझल चेक मागितला, म्हणजे हेडची सगळी बारीक छिद्रं (नोझल) चालतात का ते दाखवणारी रेघांची प्रिंट. त्याने ड्रॉवरमधून कागद काढला, ‘सकाळीच घेतलाय’. एकही रेघ तुटलेली नाही. अरे, मशीन समोर चालू आहे आणि मला ड्रॉवरमधला कागद? हे डोक्यात आलं, तेवढ्यात चहा आला. वाघ फारच सावकाश निघतोय म्हटलं तर उत्तर, ‘क्वालिटी मोड आहे’. तो होता ८ पास. त्याच पट्टीवरून हेड आठ वेळा फिरतो, बंद नोझलची जागा दुसरी नोझल भरून काढते. जाळी चोंदलेल्या स्क्रीनवर स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) पुन्हा पुन्हा ओढून रंग बसवावा तसा प्रकार. ४ पासवर काढायला लावा, मजेंटात रेघा लगेच दिसतील. पण जन्मभर स्क्वीजी धरलेल्या माणसाला पास कोण शिकवणार?

घरी आल्यावर रेघा सुरू. आधी डीलर म्हणे अर्थिंग नाही. ६,५०० घालून केलं. मग एसी पाहिजे. ३४,००० चा एसी बसवला. मग ‘इंक बाहेरची वापरली असणार’. इंक त्याच्याकडचीच, १,४०० रुपये लिटर! त्यानंतर फोन बंद. दुसऱ्या टेक्निशियनने हेड उतरवला तर खालच्या प्लेटवर ओरखडे आणि केबल लागते त्या खाचेत वाळलेली काळी शाई. नव्या हेडच्या कनेक्टरात शाई कुठून येईल? जुना हेड धुऊन बसवलेला. आता नव्याचे १,१५,००० सांगतायत. आणि हो, डीएक्स ५ मध्येही लॉक (ठरावीक बोर्डावरच किंवा वेगळं कार्ड लावूनच चालणारा), अनलॉक असे प्रकार असतात. आपल्या बोर्डाला कोणता चालतो ते लिहून घ्या, नाहीतर वेगळं कार्ड गळ्यात पडतं.

पोलिसांकडे गेलो. ‘मशीन घेतलं, चालवलं, आता फसवणूक कसली? हा दिवाणी मामला, कोर्टात जा.’ वर म्हणे व्यवहार पुण्यात झाला, तिकडे द्या. तिकडचे म्हणतात मशीन तुमच्याकडे आहे, तिकडेच द्या. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द न बघता तक्रार घ्यायची सोय आहे म्हटलं तर साहेब म्हणाले, ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’ फसवणुकीचं भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८, पण ते लावायला पेन उचलायला हवं ना! आणि रोख दिलेल्या २,१०,००० चा पुरावा विचारून वर माझ्यावरच आवाज चढवला. ग्राहक आयोगात कारकुनाने ‘धंद्यासाठी घेतलंय ना’ म्हणून कागद परत सरकवला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं यंत्र २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसतं, हे मला वकिलाकडून कळलं, तेही फी भरून. बँकेचं तर बोलूच नका. मुद्रा कर्जातून बिलाची रक्कम डीलरला थेट गेली. साहेब येऊन मशीनसोबत माझा फोटो काढून गेले, मशीनचा सीरियल नंबर बघायला वाकलेसुद्धा नाहीत. हप्त्याचा मेसेज मात्र तारखेला हजर!

रोखीत एक रुपया देऊ नका. नोझल चेक डोळ्यांसमोर काढा, तासभर मशीन बंद ठेवून परत काढा. हेडचा नंबर बिलावर घ्या. ‘हेडला वॉरंटी नसते’ हे डीलर पैसे घेतल्यावर सांगतात, तुम्ही आधी विचारा.

याच माणसाकडून कुणी मशीन घेतलं असेल तर कळवा. मिळून तक्रार देऊ, एकट्यादुकट्याला कुणी विचारत नाही.